पट्टी लावली होती

भास्कर रामचंद्र पगारे यांचं गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी पंचवटीतल्या राहत्या घरी हृदयविकाराने निधन झालं. वय सदुसष्ट. सहा पन्नासला त्यांच्या केबलच्या लोकल चॅनलवर पट्टी सुरू झाली. अकरा वाजून वीस मिनिटांनी अंत्ययात्रा निघाली. अमरधाममध्ये चौदा माणसं होती. मी त्यांत नव्हतो. मला बातमी गुरुवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास कळली, म्हणजे एकसष्ट तासांनी. मी पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात काम केलं. भास्कर माझा एकोणतीस वर्षांचा मित्र. त्याचं घर माझ्या घरापासून चारशे दहा पावलांवर आहे. शुक्रवारी सकाळी मी ती मोजली.

सांगितलं ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलवाल्याने. मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. तो फोनवर क्रिकेट बघत होता. एक डोळा पडद्यावर ठेवून त्याने गोळ्या काढल्या आणि म्हणाला, "ते केबलवाले पगारे गेले ना. परवा." मी विचारलं, कोणी सांगितलं? "मलाही कालच कळलं. त्यांच्या महिन्याच्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या, कोणी न्यायला आलं नाही, म्हणून फोन लावला. वहिनींनी उचलला." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? तुमचे तर मित्र ना ते?" 

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत सुमनवहिनी, म्हणजे भास्करची बायको, खाली सतरंजीवर बसल्या होत्या. शेजारी मुलगी मनीषा. भिंतीला टेकवलेला फोटो, मेणबत्ती, पाण्याचा तांब्या. अशा घरात गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं हे मला इतक्या वर्षांत यायला हवं होतं. मी म्हणालो, "वहिनी, मला कळवलं का नाही?"

त्यांनी मान वर केली. "पट्टी लावली होती," म्हणाल्या.

मनीषा म्हणाली, "काका, हे विचारणारे तुम्ही पाचवे." तिच्या आवाजात राग होता. वहिनींच्या आवाजात तोही नव्हता. पुढचा सगळा मजकूर वहिनींच्या त्या एका वाक्याबद्दल आहे.

पट्टी म्हणजे टीव्हीच्या पडद्याच्या तळाशी उजवीकडून डावीकडे सरकणारी अक्षरांची ओळ. भास्करच्या केबलवर ती तीस वर्षं सरकत होती. कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, उद्या पाणी येणार की नाही, कोणाची शाळकरी मुलगी पेठ नाक्यावर चुकली आहे, कोणाच्या म्हाताऱ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे आणि ते सकाळपासून निळा सदरा घालून बाहेर पडलेत. त्याने या मजकुराचा कधी एक पैसा घेतला नाही. दुकानांच्या जाहिराती वेगळ्या, त्या वेगळ्या वेळी. निधनाच्या पट्टीला लागून जाहिरात नाही, हा त्याचा नियम होता.

सुरुवात कशी झाली ते तो अनेकदा सांगायचा आणि प्रत्येक वेळी तपशील तेच असायचे, म्हणून मी ते खरे धरतो. तेव्हा तो टीव्ही दुरुस्त करायचा आणि लग्नाच्या शूटिंगसाठी एक व्हिडिओ कॅमेरा बाळगून होता. गच्चीवर डिश बसवून त्याने गच्च्यांवरून वायर ओढत शंभरेक घरं जोडली होती. रविवारी संध्याकाळी सहाला तो पिक्चर लावायचा. अशाच एका रविवारी मागच्या ओळीतल्या दामू लोंढेची आई दुपारी वारली. दामू दारोदार फिरला. दारं सगळी उघडी होती. आत माणसं होती, पण माना टीव्हीकडे. "हो हो, येतो, एवढं होऊ दे," असं त्याला सात घरांतून ऐकायला मिळालं. आठवं घर भास्करचं. दामू खालूनच ओरडला, "भास्कर, तुझा पिक्चर संपल्याशिवाय माझ्या आईला खांदा मिळत नाही बघ."

भास्करने पिक्चर बंद केला. मनीषाची पाटी घेतली, खडूने लिहिलं, 'दामूची आई वारली. माणसं पाहिजेत', आणि पाटी कॅमेऱ्यापुढे धरून तेच चित्र केबलवर सोडलं. "पिक्चर बंद केला तेव्हा गल्लीत जो आवाज झाला तो शिव्यांचा होता," तो सांगायचा. "पाटी दिसली, आवाज बंद. आणि मग चपलांचा आवाज आला, पेपरवाले. सगळ्या गल्लीतून एकदम चपला." उरलेला पिक्चर त्याने सोमवारी संध्याकाळी, थांबवला होता तिथूनच, लावला. पाटी त्याने मनीषाला परत दिली नाही. तिला दुसरी आणून दिली.

तो मला पेपरवाले म्हणायचा, शेवटपर्यंत. आमची ओळखही पट्टीमुळेच झाली. मी शहर बातमीदार होतो आणि पंचवटीतली कुठलीही गोष्ट माझ्याआधी त्याला कळते हे लक्षात आल्यावर रोज संध्याकाळी त्याला फोन करू लागलो. माझं वर्तमानपत्र निधनवार्ता दुसऱ्या दिवशी छापायचं आणि मोठी हवी असेल तर सेंटिमीटरवर पैसे घ्यायचं. भास्कर म्हणायचा, "तुमचा पेपर म्हणजे दहाव्याचं आमंत्रण. माणूस जळून गेला की मग कळवता." मला राग यायचा.

त्याच्या पट्टीत सगळी अक्षरं एका मापाची. नावाआधी पदवी नाही, समाजसेवक नाही, फोटो नाही. क्रम अंत्ययात्रेच्या वेळेप्रमाणे. एकदा एक प्रतिष्ठित गृहस्थ मोटारीतून उतरून त्याच्या दारात आले. मी तिथे चहा पीत होतो. त्यांच्या वडिलांचं नाव मार्केटमधल्या एका हमालाच्या मागे होतं. "हे पुढेमागे कोण ठरवतं?" त्यांनी विचारलं. भास्कर म्हणाला, "घड्याळ. त्यांची दहाला निघणार, तुमची अकराला." गृहस्थ म्हणाले, "तुम्ही कोणाशी बोलताय, कल्पना आहे का?" भास्करने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "दादा, तुमचे वडील गेलेत. बसा. पाणी घ्या." गृहस्थ बसले नाहीत. पट्टीही बदलली नाही.

चूक त्याने एक केली. ती अजून पंचवटीत सांगितली जाते. हिरावाडीत दोन वसंत निकम होते. एकाची पिठाची गिरणी, दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गिरणीवाले वारले. फोनवरून निरोप आला आणि भास्करने पट्टी लावली, 'वसंत निकम, हिरावाडी.' माणसं हार घेऊन कंडक्टर निकमांकडे गेली. दार निकमांनीच उघडलं, गालाला साबणाचा फेस, हातात वस्तरा. दारातल्या दहा-बारा जणांकडे आणि हारांकडे बघून ते म्हणाले, "या ना, बसा. पण माझा स्टॉप अजून आलेला नाही." संध्याकाळी भास्कर माफी मागायला गेला. निकमांनी त्याला तासभर बसवून घेतलं. "माफी राहू दे. पुढच्या वेळी नीट लिही. एसटी लिही, कंडक्टर लिही. अठ्ठावीस वर्षं घंटी वाजवली मी, नुसता वसंत निकम काय?"

त्या दिवसापासून भास्करने दोन गोष्टी केल्या. फोनवरच्या निरोपावर पट्टी लावायची नाही. त्या घरी स्वतः जायचं, डोळ्यांनी बघायचं, पूर्ण नाव आणि वेळ विचारून घ्यायची. आणि प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहायचं. 'भाजी मार्केटमधील हमाल.' 'शाळेतील शिपाई.' बायकांच्या नावापुढे घरचे लोक 'गृहिणी' सांगायचे. काही महिन्यांनी तो यालाही वैतागला. "म्हणजे काय करायच्या, ते सांगा," असं तो मुलांना, नवऱ्यांना विचारू लागला. मुलांना पटकन सांगता यायचं नाही, हेही त्याने मला सांगितलं होतं. मग पट्टीवर येऊ लागलं, 'रामकुंडावर फुलं विकणाऱ्या.' 'तिसऱ्या गल्लीतील बहुतेकांची बाळंतपणं केलेल्या.' मी पस्तीस वर्षांत शेकडो निधनवार्ता लिहिल्या, तपासल्या. असं एकही वाक्य माझ्या हातून छापलं गेलं नाही.

पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की पट्टी दिवसभर चालायची. तेव्हा सगळे सिग्नल त्याच्या गच्चीवरूनच जात, त्यामुळे ज्या चॅनलवर लोक बघत असतील त्यावर, मालिकेच्या ऐन मध्यावर, तो ओळ सोडू शकायचा. आम्ही क्युसेकचे आकडे छापायचो. तो घाटावरच्या उंच मूर्तीवरून माप द्यायचा, 'पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला. घाटावरील दुकानदारांनी माल हलवावा.' म्हणायचा, "क्युसेक तुम्हाला तरी कळतं का? कंबर सगळ्यांना कळते." एका वर्षी कमरेची ओळ लागली आणि मालिकेतलं सासू-सुनेचं भांडण अर्धवट टाकून माणसं घाटावर पळाली, पंधरा-वीस टपऱ्यांतला माल हातोहात वर आला. त्याचा सत्कार झाला नाही. त्याने मागितलाही नाही. तेव्हा आठ वाजता आमच्या गल्लीतून चालत गेलं तर मालिकेचा एकही संवाद चुकायचा नाही. एका खिडकीतून सुरू झालेलं वाक्य पुढच्या खिडकीत संपायचं. हे काही फार थोर दिवस होते असं मला म्हणायचं नाही. मालिका टुकार होत्या. पण आठ वाजता सगळे एका ठिकाणी बघत होते, आणि त्या ठिकाणी भास्करला बोट ठेवता येत होतं.

मग घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. सिग्नल वरून, कुलूप लावून यायला लागला. त्यात त्याला अक्षर घालता येईना. त्याच्या हाती एक लोकल चॅनल उरलं, रिमोटवर तीन आकडे दाबल्यावर लागणारं. पहिली काही वर्षं लोक जाहिरातींच्या वेळात तिकडे एक चक्कर मारून यायचे. मग फायबर आलं. ज्या खांबांसाठी भास्करने घरमालकांच्या विनवण्या केल्या होत्या, त्याच खांबांवरून नवी काळी वायर गेली. मालिका फोनवर आली, ज्याला हवी त्याने हवी तेव्हा बघावी अशी. एका घरात चार माणसं, चार पडदे, चार कानांत चार वेगळे आवाज. जाहिराती गेल्या, त्याबरोबर जाहिरातींच्या वेळातली चक्करही गेली. बॉक्स परत यायला लागले.

फायबर कंपनीचा एक अधिकारी त्याच्याकडे आला होता. एजन्सी घ्या म्हणाला. भास्करने एकच प्रश्न विचारला, यात पट्टी लावता येईल का? अधिकारी म्हणाला, पट्टी म्हणजे? भास्करने समजावलं. अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "सर, ॲपमध्ये जाहिरात म्हणून देता येईल. पाच सेकंदांनी प्रेक्षकाला वगळता येईल." हे मला सांगताना भास्कर हसला नाही. "मेलेला माणूस पाच सेकंदांनी वगळता येईल म्हणे. जिवंत असताना वगळतात ते वेगळं."

त्याने नवं काही करून पाहिलं नाही असं म्हणणाऱ्यांसाठी हेही नोंदवतो. आमच्या चार गल्ल्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे. त्यावर त्याने निधनाचा मजकूर टाकायला सुरुवात केली होती. त्याच पद्धतीने: आधी घरी जाऊन, नाव, काम, वेळ. एका सकाळी त्याने एका शाळेच्या शिपायाचं निधन टाकलं. वर सुप्रभातचं फूल, खाली गुडघेदुखीवरचा उपाय. दहा मिनिटांत ग्रुप चालवणाऱ्याने लिहिलं, 'कृपया सकाळी सकाळी निगेटिव्ह मेसेज टाकू नयेत.' त्याखाली तेवीस अंगठे आले. भास्कर ग्रुपमधून बाहेर पडला. मी त्या ग्रुपमध्ये होतो. मी तो म्यूट करून ठेवला होता, म्हणून मला हे त्याच्याच तोंडून कळलं.

माझा बॉक्स मी दोन वर्षांपूर्वी परत केला. पिशवीत घालून त्याच्या गच्चीवरच्या खोलीत घेऊन गेलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. शेवटी तोच म्हणाला, "पिशवीत काय आहे ते कळलंय मला. काढा." मी म्हणालो, "मुलाने सगळे ॲप घालून दिलेत रे, टॅबवर. केबल लागतच नाही." तो म्हणाला, "काय बघता?" मी एका परदेशी मालिकेचं नाव सांगितलं. "चांगली आहे?" म्हटलं, चांगली आहे. त्याने बॉक्स घेतला, वायर गुंडाळली, रिमोटचं मागचं झाकण काढून दोन सेल माझ्या हातावर ठेवले. "हे तुमचे. घड्याळात चालतील." मी म्हणालो, "काही झालं तर तू मला फोन करशीलच." त्याने मान हलवली. होकारार्थी की कशी, हे मला आज सांगता येणार नाही. मी तेव्हा जिना उतरायला लागलो होतो.

आता त्या मंगळवारचा क्रम. तो मी वहिनी, मनीषा, जावई आणि समोरच्या घरातली माणसं यांच्याकडून वेगवेगळा विचारून घेतला आहे.

पाच चाळीसला भास्कर गेला. सव्वासहाला डॉक्टर येऊन गेले. वहिनींनी मनीषाला ठाण्याला फोन केला. मग त्या गच्चीवर गेल्या. त्यांचे गुडघे दुखतात, जिना उभा आहे, एरवी त्या वर जात नाहीत. गच्चीवरच्या खोलीला ते दोघं कंट्रोल रूम म्हणत. त्यांनी मशीन सुरू केलं आणि मजकूर टाइप केला. तो अजून मशीनमध्ये आहे, मी उतरवून घेतला: 'भास्कर रामचंद्र पगारे, वय ६७, केबलवाले, यांचे आज पहाटे निधन. अंत्ययात्रा सकाळी ११ वाजता, राहत्या घरून.' खाली आल्या आणि वाट बघत बसल्या.

साडेदहाला मनीषा पोहोचली. घरात तिला पाच माणसं दिसली. ती म्हणाली, "आई, लोकांना फोन लावते मी. बाबांची वही कुठंय?" वहिनी म्हणाल्या, "नको." मनीषाने पुन्हा विचारलं. वहिनी म्हणाल्या, "एवढ्या लोकांच्या घरी ते स्वतः चालत गेले. पट्टी बघून येतील सगळे. फोन करून बोलवायचं का माणसांना?" मनीषाने मला हे सांगितलं तेव्हा वहिनी आत होत्या. "काका, तिला खरंच वाटत होतं. ती मध्येच उठून दारात चपला मोजून येत होती."

जावयाने तरी गुपचूप शहरातल्या चार जुन्या केबलवाल्यांना फोन केले. ते आले. अकरा वाजले. पट्टीवर दिलेली वेळ चुकली की भास्कर चिडायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी वहिनी म्हणाल्या, "थोडं थांबू." अकरा वीसला त्या स्वतःच म्हणाल्या, "उचला."

चौदा जणांना कसं कळलं, हे मी एकेक करून विचारलं. वहिनी धरून घरचे सहा. त्रिसरण-पंचशील म्हणायला आलेले एक. समोरच्या घरातले दोघे, त्यांनी रडण्याचा आवाज ऐकला. चार केबलवाले, जावयाच्या फोनवरून. झाले तेरा. चौदावे वसंत निकम, एसटीतले निवृत्त कंडक्टर, वय शहाऐंशी.

मी हिरावाडीत त्यांच्याकडे गेलो. केबल अजून आहे. सून फोनवर बघते, नातवंडं फोनवर बघतात, टीव्ही यांच्या एकट्याच्या ताब्यात आहे आणि सकाळी उठल्यावर ते तीन आकडे दाबतात. "मला काय पडलेलं असतं," म्हणाले, "माझं नाव आलंय का बघतो. नसलं की चहा घेतो." त्या दिवशी त्यांनी भास्करचं नाव वाचलं. रिक्षा करून निघाले.

"विश्वास बसला का?" मी विचारलं.

"नाही ना. खरं सांगू का? मला वाटलं माझ्यासारखंच झालं असणार. दुसरा कोणी पगारे असेल. मी आपला रस्त्याने ठरवत गेलो, काय बोलायचं ते. म्हटलं दार वाजवायचं, भास्कर दार उघडेल, त्याला म्हणायचं, काय रे, तुझा स्टॉप आला का?" त्यांनी हातातला रिमोट खाली ठेवला. "…दार उघडंच होतं."

मी त्या वेळी कुठे होतो, हेही तपासलं. टॅबमधल्या ॲपमध्ये काय पाहिलं त्याची यादी असते. त्या मंगळवारच्या तारखेसमोर त्याच परदेशी मालिकेचे तीन भाग आहेत. चौथा बाराव्या मिनिटाला थांबवलेला. ॲप तारीख दाखवतं, वेळ दाखवत नाही. वेळ मला दुसरीकडून मिळाली. कुरिअरवाल्याचा अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटांचा मेसेज आहे: 'बेल वाजवली, घरी कोणी नाही.' मी घरी होतो. कानात हेडफोन होता. अमरधामकडे जाणारा रस्ता माझ्या खिडकीखालून जातो. चारशे दहा पावलं, खांद्यावर, सावकाश… साधारण आठ मिनिटं.

दुसऱ्या आठवड्यात गल्लीतले बरेच जण वहिनींना भेटून गेले. मी काही वेळा तिथेच होतो. "एक फोन करायचा ना, वहिनी." "ग्रुपवर टाकायचं, पाचशे माणूस आलं असतं." "आता पट्टी कोण बघतं?" हे शेवटचं वाक्य ज्यांनी म्हटलं, त्यांच्या वडिलांना शोधायला सात वर्षांपूर्वी पट्टीवरून अर्धी पंचवटी बाहेर पडली होती. निळा सदरा. मी ते त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती हो." मी विचारलं, काय वेगळं होतं? त्यांनी फोन काढून वेळ बघितली. पाचशे माणूस आलं असतं हा दावा मला पडताळता आलेला नाही. ज्या ग्रुपवर ते टाकायचं होतं, त्यावर मृत्यू टाकायला मनाई होती, एवढं मी पडताळलं आहे.

वहिनींनी केबल बंद केलेली नाही. मनीषाने ठाण्याला चल म्हटलं, त्या गेल्या नाहीत. भास्कर गेल्यापासून पट्टीवर तीन निधनं लागली. तिन्ही घरी त्या स्वतः गेल्या. एका घरी दुसऱ्या मजल्यावर. नाव, काम, वेळ विचारून आल्या. त्या तीन अंत्ययात्रांना किती माणसं होती, हे मी विचारलं नाही.

गेल्या सोमवारी मी बॉक्स मागायला गेलो. वहिनींनी किल्ली दिली. "तुम्हीच वर जाऊन घ्या, मला आज चढवत नाही." कंट्रोल रूममध्ये एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत परत आलेले बॉक्स रचलेले आहेत. प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवून भास्करच्या अक्षरात नाव लिहिलंय. मशीनच्या वर, खिळ्याला, मनीषाची पाटी. माझा बॉक्स तिसऱ्या ओळीत होता. त्यावर 'पेपरवाले' लिहिलं होतं. वायर गुंडाळलेली होती तशीच. रिमोट रबराने बांधलेला. मी खाली आलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सेल घरचे घाला. ते त्यात ठेवत नव्हते, गळतात म्हणून."

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मी टीव्ही लावला आणि तीन आकडे दाबले. पट्टीवर एक ओळ होती: 'जलवाहिनी दुरुस्तीमुळे उद्या बुधवारी सकाळी पाणी येणार नाही. पाणी भरून ठेवावे.' मी पाणी भरलं. समोरच्या आणि शेजारच्या दोन घरी जाऊन सांगितलं. एका घरी दार उघडलं गेलं नाही. आत पावलांचा आवाज होता.

बुधवारी पाणी आलं नाही. सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी ग्रुपवर पहिला मेसेज आला, 'पाणी नाही, कोणाला काही माहिती आहे का?' सात वाजेपर्यंत असे एकोणीस आले. विसावा होता, 'आधी कळवायला नको का?'

पट्टी आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांपासून सुरू होती.